लक्ष्मीच्या दाराची नवी कडी

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी करवीरनगरीत घरोघरी लक्ष्मीपूजनाचा पाट मांडला जातो. नवी केरसुणी, धने-गूळ, लाह्या-बत्तासे आणि पेढीवर कोरी रोजकीर्द-खतावणी. गुजरीतील सराफ असो वा मार्केट यार्डातील गुळाचा अडत्या, वहीपूजन हा त्याच्या दृष्टीने व्यवहाराचाच एक भाग असतो. लक्ष्मी चंचल, ही आपली परंपरागत समजूत. म्हणूनच तिचे पूजन आणि तिचा हिशेब या दोहोंना पूर्वजांनी एकाच पाटावर स्थान दिले. आज घरची लक्ष्मी बव्हंशी बँकेच्या खात्यात वसते आणि तिची ये-जा मोबाईलवरून होते. तेव्हा तिच्या रक्षणाची रीतही नव्याने जाणून घेणे अगत्याचे आहे.

कोल्हापूरकरांनी ध्यानात ठेवावी अशी एक घटना २०१८ साली घडली. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकयंत्रणेत चोरट्यांनी शिरकाव केला आणि ११ व १३ ऑगस्ट या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये पळविले. एटीएम यंत्राकडून येणारी विचारणा बँकेच्या मूळ संगणकापर्यंत पोहोचूच न देता, ‘पैसे द्यावे’ असे उत्तर वाटेतूनच धाडणारी बनावट व्यवस्था त्यांनी उभी केली होती. २८ देशांतील यंत्रांतून पैसे निघाले. भारतात ज्या शहरांतून ते काढले गेले, त्यांत आपले कोल्हापूरही होते. पुढे २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने अकरा आरोपींना दोषी ठरविले. एवढे होऊनही ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असे बँकेने त्या वेळी जाहीर केले होते.

या प्रकरणी चोरांनी बँकेची भिंत फोडली. घरोघरच्या फसवणुकीत मात्र भिंत शाबूत असते. गोड बोलून किंवा धाक दाखवून दार आतून उघडविले जाते. हा भेद ज्यास उमगला, त्याने निम्मी लढाई जिंकली म्हणावी.

२०१६ साली यूपीआयची व्यवस्था सुरू झाली. तिचा मूळ नियम साधा आहे: गुप्त पिन लागतो तो पैसे देताना, पैसे घेताना तो कधीही लागत नाही. ‘बक्षीस जमा करतो, हा चौकोनी कोड टिपा आणि पिन दाबा’ असे कोणी सांगू लागला, तर तो देण्यास नव्हे, नेण्यास आला आहे, हे निश्चित समजावे. मोबाईलवर येणारा ओटीपी हीदेखील तिजोरीची किल्लीच होय. बँकेचा खरा अधिकारी तो विचारीत नाही. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून मोबाईलमध्ये एखादे ॲप उतरवून घेणे म्हणजे परक्याला देवघरापर्यंत आणून बसविणे होय.

भाविकांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. यात्रास्थळी निवासाची खोली वा हेलिकॉप्टरची जागा राखून देतो, अशा बतावणीच्या बनावट संकेतस्थळांविषयी केंद्रीय गृहखात्याच्या सायबर विभागाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. अंबाबाई वा जोतिबाच्या चरणी दूरून देणगी अर्पण करावयाची असल्यास पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे चौकशी करून मगच करावी. कोणीतरी धाडलेल्या दुव्यावर विसंबू नये. बँकांची संकेतस्थळे ओळखता यावीत म्हणून रिझर्व्ह बँकेने ‘बँक डॉट इन’ हा स्वतंत्र पत्ता ठरवून दिला असून, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तो स्वीकारण्यास बँकांना सांगितले होते.

पोलिसांचा गणवेश दाखवून ‘तुम्हांस घरातच अटक केली आहे’ असे बजावणारे दूरध्वनी वृद्धांना विशेष छळतात. अशी ‘डिजिटल अटक’ आपल्या कायद्यात नाही. तो फोन खाली ठेवावा आणि घरातील कर्त्या माणसास हाक मारावी.

इतके करूनही घात झालाच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. लागलीच १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेस कळवावे. पैसा खात्यामागून खाती ओलांडून निघून जाण्यापूर्वी तो अडविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ठरविले, की दोष ग्राहकाचा वा बँकेचा नसून यंत्रणेत अन्यत्र असेल आणि तीन कामकाजी दिवसांत तक्रार झाली, तर ग्राहकावर तोशीस नाही. ग्राहकाने स्वतःच गुपित फोडले असल्यास तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे मात्र बँकेचे. म्हणजे तक्रारीस होणारा प्रत्येक तासाचा विलंब महाग पडतो.

तेव्हा यंदा पाटावर वही ठेवताना खात्याचा उतारा एकदा ओळीओळीने वाचावा, दैनंदिन खर्चाचे खाते बचतीच्या खात्याहून निराळे ठेवावे, व्यवहाराची मर्यादा बांधून घ्यावी आणि घरातील आजी-आजोबांस पिनचा हा एक नियम समजावून द्यावा. घराघरांत लक्ष्मी स्थिरपदाने नांदो!