निबंध आणि वक्तृत्व स्पर्धा : तयारी कशी करावी?

मुलांनो, दरवर्षी १ ऑगस्टला आपल्या शाळेत निबंध आणि वक्तृत्व स्पर्धा असते. गुरुजी वर्गात सूचना वाचून दाखवतात तेव्हा काहीजण लगेच हात वर करतात. काहीजण मात्र गप्प बसतात. विचारलं तर म्हणतात, "आमच्या घरी भाषण लिहून देणारं कुणी नाही." म्हणून मी हा लेख लिहीत आहे. लिहून देणारं कुणी नसलं तरी स्पर्धेत भाग घेता येतो. कसा, ते सांगतो.

आधी शब्दांचा अर्थ बघू. निबंध या शब्दात 'बंध' आहे. बंध म्हणजे बांधणे. शेतात कडबा नुसता पसरलेला असला तर उचलता येत नाही. त्याची पेंढी बांधली की डोक्यावर घेता येते. तसे आपले विचार बांधायचे, म्हणजे निबंध होतो. वक्ता म्हणजे बोलणारा, आणि वक्तृत्व म्हणजे चांगले बोलण्याची कला.

१ ऑगस्ट हा दिवस का? लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत वारले. आणि त्याच दिवशी, त्याच साली सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. म्हणून त्या दिवशी एकाची पुण्यतिथी आणि दुसऱ्यांची जयंती असते. दोघेही लिहिणारे आणि बोलणारे होते. टिळकांचे 'केसरी' हे वर्तमानपत्र १८८१ साली निघाले. त्यांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' हा मोठा ग्रंथ लिहिला. अण्णाभाऊ शाळेत अगदी थोडे दिवस गेले. लहानपणी ते वडिलांबरोबर वाटेगावाहून पायी चालत मुंबईला गेले. तिथे त्यांनी गिरणीत काम केले. पुढे ते मोठे शाहीर आणि लेखक झाले. त्यांच्या 'फकिरा' कादंबरीला १९६१ साली राज्य सरकारचे बक्षीस मिळाले.

आता एक गंमत सांगतो. मागच्या वर्षी आमच्या गटात ११ मुलांनी भाषण केलं. त्यातल्या सात जणांनी टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगितली. गोष्ट चांगलीच आहे. पण पाचव्या मुलानं "एकदा काय झाले" म्हटल्याबरोबर खाली बसलेली मुलंच "टरफलं, टरफलं" म्हणायला लागली. सगळे हसले. असं का झालं? कारण सगळ्यांनी बाजारातल्या भाषणाच्या एकाच पुस्तकातून पाठ केलं होतं. परीक्षकांनी तरी नंबर कसा काढायचा?

गुण कसे देतात ते गुरुजींनी फळ्यावर लिहिलं होतं. आमच्या शाळेत भाषणाला ५० गुण असतात. विषयाची माहिती १५, स्वतःचे विचार १५, स्पष्ट उच्चार आणि आवाज १०, धीटपणा ५, वेळ पाळणे ५. बघा, स्वतःच्या विचारांना १५ गुण आहेत. पाठ केलेल्या भाषणाला ते कुठून मिळणार?

आता निबंधाचं सांगतो. निबंधाला तीन भाग असतात : सुरुवात, मधला भाग आणि शेवट. आधी मागच्या कोऱ्या पानावर चार-पाच मुद्दे लिहून काढावेत. मग एका मुद्द्याचा एक परिच्छेद करावा. समास सोडावा. शेवटी पाच मिनिटे राखून ठेवावीत आणि काना, मात्रा, वेलांटी तपासावी. हे सगळ्यांना माहीत असतं. अवघड काय असतं, तर लिहायचं काय?

तर जे पाहिलं ते लिहायचं. आमच्या वर्गात एक मुलगी आहे. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. कधी तिलाही जावं लागतं. एकदा निबंधाचा विषय होता 'माझा आवडता ऋतू'. आम्ही सगळ्यांनी पावसाळा लिहिला. हिरवेगार डोंगर, खळखळणारे झरे, नाचणारा मोर. आमच्या गावात मोर नाही, तरी लिहिला. तिनं एकटीनं उन्हाळा लिहिला. कारण काय, तर थंडीत तिची आई पहाटे अंधारात कोयता घेऊन फडात जाते. मग ती कोपीत धाकट्या भावाला घेऊन बसते. उन्हाळा आला की कारखाना बंद होतो आणि सगळे घरी येतात. आजी भेटते, शाळा भेटते. म्हणून तिला उन्हाळा आवडतो. बाईंनी तो निबंध मोठ्यानं वाचला तेव्हा वर्गात कुणी चुळबूळ केली नाही. शुद्धलेखनाचे गुण गेले म्हणून तिचा दुसरा नंबर आला. पण पहिला नंबर कोणत्या निबंधाला मिळाला ते आता कुणाला आठवत नाही.

अशीच एक मुलगी फार वर्षांपूर्वी पुण्यात होती. तिचं नाव मुक्ता साळवे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती शिकत होती. वयानं आपल्यापेक्षा थोडी मोठी होती. तिनं महार आणि मांग लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ती स्वतः मांग समाजातली होती. आपल्या लोकांना किती वाईट वागवतात ते तिनं लिहिलं आणि असं का, म्हणून प्रश्न विचारले. तो निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. तेव्हा मुलींनी शाळेत जाणंच लोकांना आवडत नव्हतं. तिच्या घरी निबंध लिहून देणारं कोण असणार? तरी तो निबंध आजसुद्धा मोठी माणसं वाचतात आणि अभ्यासतात.

आता भाषण. निबंध आणि भाषण यात एक मोठा फरक आहे. निबंध वाचताना कळलं नाही तर मागची ओळ परत वाचता येते. भाषण ऐकताना मागे जाता येत नाही. म्हणून भाषणात वाक्यं लहान हवीत. सनावळ्या कमी हव्यात. महत्त्वाचं नाव दोनदा घ्यावं.

भाषणाला तीन मिनिटे असतात. मी घड्याळ लावून बघितलं. सावकाश बोललो तर एका मिनिटात साधारण ९० शब्द होतात. म्हणजे तीन मिनिटांत २७० शब्द, वहीची पावणेदोन पानं. त्यात "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" हे पण आलं. चार पानं लिहिली तर घंटा वाजते आणि शेवट राहून जातो.

भाषण विसरतं का? पाठ केलेलं भाषण मण्यांच्या माळेसारखं असतं. एक शब्द आठवला नाही की दोरा तुटतो आणि सगळे मणी घरंगळतात. म्हणून शब्द पाठ करू नयेत, मुद्दे लक्षात ठेवावेत. पाच मुद्दे पाच बोटांवर धरावेत. अंगठा म्हणजे पहिला मुद्दा, असं. एक मुद्दा विसरला तर दम घ्यावा आणि पुढचं बोट धरावं. ऐकणाऱ्यांना कळत पण नाही.

माहिती कुठून आणायची? शाळेच्या पेटीतली पुस्तकं आहेत. पाठ्यपुस्तक आहे. आणि घरातली म्हातारी माणसं आहेत. 'पाणी' विषय आला तर आजीला १९७२ च्या दुष्काळाचं विचारा. ती सांगेल ते कुठल्याच भाषणाच्या पुस्तकात नसतं.

सराव बांधावर करावा. तिथं कुणी हसत नाही. म्हैस तर नुसती रवंथ करत ऐकते. मग घरच्यांपुढे बोलावं आणि मग वर्गात. लांब उभ्या असलेल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. नजर परीक्षकांच्या टेबलावर नाही, सगळ्यात मागे बसलेल्या मुलाकडे ठेवावी.

चांगलं बोलणं फक्त स्पर्धेसाठी नसतं. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती भरवणाऱ्या संस्थेचं नाव वक्तृत्वोत्तेजक सभा, म्हणजे बोलायला उत्तेजन देणारी सभा. आपल्या गावात ग्रामसभा असते. तिथं नळाचं, रस्त्याचं, शाळेच्या गळक्या छपराचं उभं राहून सांगावं लागतं. ज्याला बोलता येतं त्याचं काम आधी ऐकलं जातं. बाकीचे घरी येऊन चुलीपुढे बोलतात.

या वर्षी आपल्या गटाला विषय आहेत : लोकमान्य टिळक, अण्णाभाऊ साठे, आणि 'माझ्या गावाचे पाणी'. नावं लिहायची वही चौथीच्या वर्गात खिडकीपाशी दोरीला बांधून ठेवली आहे. पेन्सिल पण आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटेपर्यंत नाव लिहा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी