एआरटी घेणाऱ्या रुग्णांतील औषधव्यापद् आणि आपली भस्मे

एचआयव्हीबाधित रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतो तो बहुधा एचआयव्हीची तक्रार घेऊन येत नाही. पांडुता, अम्लपित्त, पाददाह, निद्रानाश, कंडू अशी त्याची व्यथा असते, आणि एआरटी चालू असल्याचे तो विचारल्याविना सांगत नाही. धाराशिव जिल्ह्यात हे विशेष जाणवते. भूम, परंडा, कळंब, वाशी या भागांतून दरवर्षी असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांत एआरटी घेणारेही असतात. गोळ्या बरोबर असतात, परंतु जिल्हा रुग्णालयातील एआरटी केंद्र दूर राहते. त्रास सुरू झाला की जवळ भेटेल त्या वैद्याकडे धाव घेतली जाते. म्हणूनच या औषधांच्या व्यापदांची ओळख आपणांस असणे अगत्याचे आहे.

शासनाची मोफत एआरटी योजना १ एप्रिल २००४ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह देशातील मोजक्या केंद्रांत सुरू झाली. त्या काळी स्टॅव्हुडिन सर्रास दिले जाई. पायांची आग, सुप्ती, गालांवरील मेद झडून चेहरा ओढल्यासारखा होणे हे त्याचे परिणाम होत. पाददाह पाहून वातरक्ताची चिकित्सा केली तरी मूळ कारण पोटात जातच राही. पुढे स्टॅव्हुडिन मागे पडले. झिडोव्हुडिनमुळे होणाऱ्या पांडुतेचे निदानही असेच चकवते. तेथे लोहाची न्यूनता नसून अस्थिमज्जेतील रक्तोत्पत्तीच मंदावलेली असते. नवायस लोहाचे महिनोन्‌महिने सेवन करूनही हिमोग्लोबिन वाढत नाही व मौल्यवान काळ मात्र जातो.

आज बहुतांश प्रौढ रुग्णांस टेनोफोविर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्रॅविर यांची एकत्रित गोळी मिळते. ती पूर्वीच्या औषधांहून पुष्कळ सुसह्य आहे. निद्रानाश, वजनवाढ, क्वचित रक्तशर्करा वाढणे, तसेच टेनोफोविरमुळे वृक्कांवर होणारा परिणाम यांकडे लक्ष ठेवावे लागते. मात्र आम्हांस अधिक चिंता वाटते ती निराळ्याच गोष्टीची. डोल्युटेग्रॅविर हे लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त यांच्याशी आतड्यात बांधले जाते व त्याचे शोषण घटते. आता आपला औषधसंभार आठवून पाहावा : पुनर्नवामंडूर, चंद्रप्रभा, आरोग्यवर्धिनी यांत लोह वा मंडूर, शंखवटी, कामदुधा, प्रवाळपंचामृत यांत कॅल्शियम, शिवाय जसद आणि अभ्रक. अम्लपित्त व पांडुता या दोन तक्रारींवर आपण नेमके हेच कल्प लिहितो. भस्मीकरणाने द्रव्य सूक्ष्म होते, वेगळे होते, हा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. परंतु शंखभस्म अम्लाचे शमन करते ते अम्लात विरघळूनच. तेव्हा हा युक्तिवाद येथे पुरेसा नाही.

उपाय औषध वगळण्याचा नव्हे, काळ पाळण्याचा आहे. एआरटीची गोळी अशा कल्पाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. रात्री ९ वाजता गोळी घेणाऱ्यास मंडूरकल्प सकाळी व दुपारी ३ पर्यंत देता येतो. सायंकाळची मात्रा टाळावी. क्षयासाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅविर दिवसातून दोन वेळा दिले जाते, मग ही फट फारच अरुंद उरते. अष्टांगहृदयात औषधसेवनाचे दहा काल सांगितले आहेत, शार्ङ्गधरात पाच. औषधकालाचे महत्त्व वैद्यास नव्याने पटवून द्यावे लागू नये.

पिप्पलीसंबंधीही विवेक हवा. पिप्पली व मरिचातील पायपरिनमुळे नेविरॅपिनची रक्तातील पातळी वाढते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, निरोगी व्यक्तींवरील अभ्यासात दिसले. योगवाही द्रव्य दुसऱ्याचे वीर्य वाढवते तसे त्याचे दोषही वाढवू शकते. गुडूचीसेवनानंतर यकृतास इजा झाल्याचे मुंबईतील चिकित्सकांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद बाजूस ठेवला तरी एआरटी घेणाऱ्या रुग्णास कामला झाल्यास, आपण काय दिले आहे हेही केंद्रास कळवावयास हवे.

रुग्णास गोळी बंद करण्यास मात्र आपण कदापि सांगू नये. विषाणू पुन्हा वाढतो, आणि काही औषधे अचानक सोडल्यास प्रतिरोधही निर्माण होतो. अंगावर पुरळ उठून सोबत ताप, तोंड किंवा डोळे सोलवटणे, नेत्र पिवळे होणे, वांत्यांसह धाप लागणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णास एआरटी केंद्रात किंवा नजीकच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे. बदलाचा निर्णय तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याचा. परमुलखात असलेल्या रुग्णाने उपचारपुस्तिका जवळ बाळगावी, म्हणजे तेथील केंद्रातही सोय होते.

औषधव्यापदाची नोंद भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. आयुष औषधांसाठी नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात राष्ट्रीय केंद्र आहे. नोंदीत एआरटीच्या गोळीचे नाव व वेळ, आपला कल्प, त्याची मात्रा, अनुपान व काल, आणि लक्षण कोणत्या दिवशी उद्भवले हे लिहावे. रुग्णाचे नाव गुप्त राखणे हे २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने बंधनकारक आहे. एआरटीविषयीचा प्रश्न म्हणूनच सर्वांसमक्ष न विचारता तपासणीच्या खोलीत, नातेवाइकांस बाहेर बसवून विचारावा.