जेऊरची दोन मिनिटं आणि सूर्याचा झुकलेला उजेड

दौंडहून सोलापूरच्या गाडीत बसलात की भिगवणच्या पुढे जेऊर नावाचं साधंसं स्टेशन लागतं. तिथे १८९८ साली २२ जानेवारीला भरदुपारी अंधार पडला. खग्रास सूर्यग्रहण! पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यंत्रं घेऊन आधीच तळ ठोकून बसले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलसुद्धा तिथेच. हाताशी वेळ किती? जेमतेम दोन मिनिटं.

एवढी धडपड कशासाठी? तर चंद्रानं सूर्य झाकला की भोवती मोतिया प्रभामंडल उमटतं. एरवी ते दिसत नाही, कारण सूर्याच्या तबकडीच्या मानानं ते लाखो पटींनी मंद आहे. आणि पोरांनो, या उजेडाला कल असतो! साध्या उन्हातल्या लहरी सगळ्या दिशांनी हलतात. प्रभामंडलातले मोकळे इलेक्ट्रॉन तेच ऊन विखुरतात, तेव्हा सूर्याच्या कडेला समांतर असं हलणं जास्त उरतं. हे ध्रुवीकरण. तिथेच मिसळलेला धुळीचा उजेड मात्र जवळजवळ बिनकलाचा. म्हणून कल मोजला की इलेक्ट्रॉनचा वाटा धुळीतून निवडता येतो.

मोजायचा कसा? उसाच्या सरीतून लांब काठी सरीच्या दिशेनं धरली तर सहज जाते, आडवी धरली तर अडते. ध्रुवक काच उजेडाशी तशीच वागते. ती साठ-साठ अंशांनी फिरवून तीन फोटो घेतले की गणित सुटतं.

कागदावर सुटतं, म्हणा. दुर्बिणीतल्या तिरक्या आरशावरून आलेला उजेड आपोआप थोडा ध्रुवीकृत होतो; सूर्याचं म्हणून मोजाल ते आरशाचंच निघायचं! म्हणून आधी कल ठाऊक असलेला उजेड आत सोडून यंत्राची स्वतःची खोड मोजतात आणि मग ती वजा करतात. यंत्र करणाऱ्याचं निम्मं आयुष्य यातच जातं, असं मला वाटतं. त्यात हवाही थरथरते. दोन फोटोंमधला फरक उजेडाचा की हवेचा? म्हणून खास स्फटिकानं किरण दुभागून दोन्ही फोटो एकाच क्षणी घेतात. शिरूरशेजारच्या आंबेगाव तालुक्यात, गिरवलीला, आयुका या खगोलसंस्थेची दोन मीटरची दुर्बीण आहे. तिथेही हीच युक्ती वापरतात, फक्त ताऱ्यांसाठी.

नायगामवालांची पुण्यातली मोठी दुर्बीण पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेत गेली. ती वेधशाळा आज ज्या संस्थेची आहे, त्या बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्सनं आदित्य-एल१ या सूर्ययानावरची प्रभामंडल पाहणारी दुर्बीण घडवली. २ सप्टेंबर २०२३ ला ती निघाली. आता ती पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर आहे. तिच्या एका आरशाला मधोमध भोक आहे. तबकडीचा उजेड त्यातून निघून जातो, प्रभामंडलाचा तेवढा पुढे येतो. ग्रहणाची वाट पाहायला नको, हवेची कटकट नाही. लोखंडाच्या वर्णपटातल्या अवरक्त रेषेतलं ध्रुवीकरण मोजून प्रभामंडलातलं चुंबकीय क्षेत्र शोधायची सोयही तिच्यात आहे.

घरात कुणाचा पोलरॉइड चष्मा असेल तर सूर्य मावळतीला असताना तो डोक्यावरच्या निळ्या आकाशाकडे धरा आणि फिरवा. आकाश गडद-फिकं होताना दिसेल. सूर्याकडे मात्र तो चष्मा लावूनही बघू नका.