विटेचा भाव

हॉस्टेलवर तीन गोष्टींची टंचाई बारमाही असते. अंघोळीला गरम पाणी, सबमिशनच्या आदल्या रात्री पूर्ण झालेली फाइल, आणि रविवारी रात्रीचं जेवण. पहिल्या दोन विषयांवर या अंकात दरवर्षी कुणी ना कुणी लिहितंच. मी तिसऱ्यावर लिहिणार आहे, पण सुरुवात जरा लांबून, म्हणजे थेट अंतराळातून करतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. गेल्या सेमला ऐन पीएलच्या तोंडावर आमच्या मेसचा कॉन्ट्रॅक्टर काम सोडून गेला. स्वयंपाकी थांबले, पण धान्य आणायचं कुणी? मेस कमिटीत मी होतो. तीन आठवडे, १६० पोरं आणि १४ पोती तांदूळ, असा हिशोब घेऊन मी बाजारात गेलो आणि तिथे चांगलाच आपटलो. कसा ते पुढे सांगतो. त्याच आठवड्यात रात्री अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून सीनियर्सच्या हार्ड डिस्कमधून आलेल्या एका मालिकेचा पहिला भाग लावला. पाहता पाहता लक्षात आलं, अरे, हा तर आपलाच पेपर सोडवतोय!

घोडे, बंदुका आणि यान

मालिकेचं नाव ‘फायरफ्लाय’. जॉस व्हेडन यांची ही अमेरिकन मालिका २००२ साली फॉक्स चॅनेलवर आली. याला म्हणतात स्पेस वेस्टर्न. म्हणजे यानं आहेत, ग्रह आहेत, पण माणसं मात्र घोड्यावर बसतात, धुळीत राहतात आणि कमरेला पिस्तूल लावतात. कल्पना अशी की पृथ्वी सोडून माणूस दुसऱ्या सूर्यमालेत गेलाय आणि तिथले ग्रह, चंद्र राहण्यालायक करून घेतलेत. मधले ग्रह श्रीमंत, त्यांच्यावर ‘अलायन्स’ नावाच्या सरकारचं राज्य. कडेच्या चंद्रांवर लोकांना नुसतं नेऊन सोडलंय, पुढचं त्यांचं त्यांनी बघायचं. या सरकारविरुद्ध लढाई हरलेला मॅल्कम रेनॉल्ड्स, म्हणजे मॅल, हा आपला हीरो. एक जुनं मालवाहू यान आणि मोजकी माणसं घेऊन तो मिळेल ते काम करतो, बऱ्याचदा बेकायदेशीर.

एकूण १४ भाग तयार झाले, त्यातले ११च दाखवले गेले आणि मालिका बंद पडली. गंमत म्हणजे ‘सेरेनिटी’ हा पहिला भाग चॅनेलने सगळ्यात शेवटी, २० डिसेंबर २००२ ला दाखवला. पुढे २००३ मध्ये डीव्हीडी निघाली तेव्हा कुठे भाग नीट क्रमाने लागले. मी बोलतोय ते याच ‘सेरेनिटी’बद्दल. (ज्यांना बघायचाय त्यांनी इथेच पान उलटावं, पुढे सगळं फोडणार आहे.)

एका बेवारस यानातून मॅलची टोळी काही पेट्या पळवते. पेटीत चकचकीत विटा. आपल्याला वाटतं, सोनं! ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे पर्सेफनी ग्रहावरचा बॅजर नावाचा दलाल. पण चोरी करताना अलायन्सच्या जहाजाने यांना पाहिलेलं असतं आणि तशी खबर सगळीकडे गेलेली असते. शिवाय विटांवर सरकारी शिक्का. बॅजर सरळ हात वर करतो. मग उरतं एकच नाव, व्हाइटफॉल नावाच्या चंद्रावरची पेशन्स. बाईने पूर्वी एकदा मॅलला गोळी घातलेली आहे. तरी तिकडेच जावं लागतं.

शेवटी पेशन्स एक वीट हातात घेऊन वेष्टण सोलते तेव्हा कळतं की आत सोनं नाहीच, आत खाणं आहे. प्रथिनं, जीवनसत्त्वं असलेलं दाबून केलेलं सकस अन्न. मॅल सांगतो की एक वीट एका कुटुंबाला महिनाभर पुरते.

वीट खरंच पुरेल का?

इंजिनिअरिंगला आहोत तर हिशोब करायलाच हवा. चौघांचं कुटुंब धरा, माणशी दिवसाला २००० किलोकॅलरी. महिन्याच्या झाल्या २,४०,०००. सगळ्यात जास्त ऊर्जा असते चरबीत, ग्रॅमला साधारण ९ किलोकॅलरी. म्हणजे नुसतं तेल प्यायचं म्हटलं तरी २६.७ किलो लागेल, पंधरा किलोचे जवळजवळ दोन डबे. आता वीट लिटरभर आकाराची धरली आणि ती नुसत्या चरबीची असली, तरी आत ८००० किलोकॅलरीच्या आसपास. चौघांचा एक दिवस! रसायनशास्त्र कुठल्याही चंद्रावर तेच राहणार.

मग मॅल थापा मारतोय का? विकणारा आहे, थोडं फुगवून सांगणारच. पण दुसरी शक्यताही आहे. पोट भरायला किलोंनी लागतं, पण जीवनसत्त्वं मात्र मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये लागतात. कुटुंबाची महिन्याची जीवनसत्त्वं एका मुठीत आरामात बसतील. धान्य कसंबसं पिकतंय पण बाकी पोषण नाही, अशा जागी ही वीट भाकरीची जागा घेणार नाही, पण पोरांना आजारातून वाचवेल. आपल्या पृथ्वीवर असं उदाहरण आहे. फ्रान्समध्ये १९९६ साली ‘प्लंपीनट’ नावाची शेंगदाण्याची पेस्ट तयार झाली. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० किलोकॅलरी आणि सोबत जीवनसत्त्वं, खनिजं. कुपोषित मुलांसाठी ती वापरतात. पाणी नको, शिजवायला नको, पाकीट फोडा आणि खा.

भाव ठरतो कशावर?

आता मुद्द्याचं. वीट तीच, आतलं अन्न तेच. पर्सेफनीवर बॅजरला ती नको आणि व्हाइटफॉलवर पेशन्सला हवी. कारण पर्सेफनीवर सरकारी शिक्का म्हणजे गळ्याला फास. व्हाइटफॉलवर सरकार फिरकत नाही, आणि निम्म्या चंद्रावर या बाईचाच हुकूम चालतो. तिथे शिक्क्याला कोण विचारतो?

जॉन नॅश या गणितज्ञाने १९५० साली सौदेबाजीवर एक पेपर लिहिला. त्यातला फंडा सोप्या भाषेत असा: सौदा मोडला तर तुमच्या हातात काय उरतं, यावर सौद्यात तुम्हाला काय मिळणार ते ठरतं. समजा, माझ्याकडच्या मालाला दुसरीकडे ४० रुपये मिळतात आणि तुम्ही जास्तीत जास्त १०० देऊ शकता. मधल्या ६० ची निम्मी-निम्मी वाटणी केली तर भाव ७०. आता माझं ते दुसरं गिऱ्हाईक पळालं, म्हणजे माझ्याकडे उरले शून्य. मग भाव आला ५० वर. मालात काडीचा फरक पडला नाही, माझे २० रुपये मात्र गेले. आणि तुम्हालाच तो माल दुसरीकडे ६० ला मिळत असेल, तर १०० सोडाच, तुम्ही मला ६० च्या वर एक पैसा देणार नाही.

मॅलची अवस्था शून्याच्याही खाली. माल विकला नाही तर पैसे नाहीत, आणि माल जवळ ठेवला तर फाशीचा दोर. त्यात पेशन्सला हे सगळं माहीत असणार.

याच भागात आणखी दोन सौदे आहेत. बुक नावाचा एक धर्मोपदेशक यानात जागा मिळावी म्हणून थोडी रोकड आणि पेटीभर ताजी फळं देतो. यानाची इंजिनिअर केली (आपल्याच ब्रँचची म्हणा!) एक स्ट्रॉबेरी डोळे मिटून खाते, तो प्रसंग बघाच. डबाबंद खाऊन खाऊन कंटाळलेल्या माणसाला एका फळाची किंमत काय असते ते हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. दुसरा सौदा मात्र अंगावर येतो. केलीला गोळी लागते. यानात सायमन हा एकच डॉक्टर. तो म्हणतो, सरकारी जहाजापासून पळ काढा, तरच मी हिला हात लावेन. मॅलपुढे पर्याय नाही. गणित तेच, फक्त इथे पारड्यात माणूस आहे.

हो म्हणाली, हीच गडबड

पण मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. पेशन्सशी बोलणं होतं, ती सौद्याला तयार होते. आणि मॅल म्हणतो, ही बाई आपल्याला परत गोळी घालणार. का? तर तिने भाव पाडलाच नाही. पैसे द्यायचा इरादा असता तर तिने चार पैसे कमी करून मागितले असते. ज्याला द्यायचेच नाहीत, तो घासाघीस कशाला करेल?

हे ऐकलं आणि मी लॅपटॉप पॉज केला.

तालुक्याच्या बाजारात त्या व्यापाऱ्याला मी दुकानात शिरल्या शिरल्या काय सांगितलं होतं? “काका, उद्यापासून मेस बंद पडेल, १६० पोरं आहेत, आजच पाहिजे.” म्हणजे माझ्या हातात शून्य आहे हे मीच जाहीर केलं. वर हुशारी म्हणून किलोमागे चार रुपये कमी करा म्हटलं, आणि काका एका श्वासात “घ्या की!” म्हणाले. मी खूश. मेसमध्ये पोती उघडली तेव्हा वर चांगला कोलम आणि खाली तुकडा, त्यात किडे. स्वयंपाकाच्या मावशींनी काट्यावर चढवली तर पोत्यामागे तीन-तीन किलो कमी. पाच पोती वापरण्यासारखीच नव्हती. फोन केला तर काका म्हणाले, “बघून घ्यायचं होतं ना!” बाकी सामानाचे वाढीव पैसे धरून बिल माणशी दोनशे रुपयांनी वाढलं.

दोनशे म्हणजे काय, दोन पिझ्झे नाही खाल्ले, असं म्हणणारे आपल्यात आहेत. मीही म्हटलं असतं. पण मेसचं रजिस्टर माझ्याकडे होतं. त्यात माझ्याच रूम पार्टनरच्या नावापुढचे सकाळचे रकाने मोकळे दिसायला लागले. विचारलं तर म्हणे, “पीएलमध्ये भूकच लागत नाही रे.” टेबलावर बिस्किटाचा पुडा होता. त्याच्या घरी त्या वर्षी सोयाबीन गेलं होतं, हे मला माहीत होतं. सौदा मी हरलो आणि जेवण त्याचं बंद झालं.

आता मॅल काय करतो ते बघा. एक, नमुन्याची एकच वीट हातात देतो, बाकी माल आधीच लांब पुरून ठेवलेला. दोन, समोरची लबाडी करणार हे धरूनच जातो आणि डोंगरावर तिने लपवलेल्या बंदूकवाल्याला आपला माणूस पाठवून आधीच हटवतो. तीन, पैसे आल्याशिवाय माल कुठे आहे ते सांगत नाही. आणि तरी पेशन्सचा पेशन्स संपतोच! पैसे दिले, जागा कळली, की ती पैसेही परत मागते. गोळीबार होतो, बाई स्वतःच्याच मेलेल्या घोड्याखाली अडकते. मॅल ठरलेले पैसे घेतो आणि निघतो. काम केलं, त्याचे पैसे घेतले, विषय संपला. चोर आहे, पण सौद्याला पक्का.

छावणीतला बाजार

हे सगळं सिनेमातलं, असं कुणी म्हणेल. तर एक खरं उदाहरण देतो. आर. ए. रॅडफर्ड हा इंग्रज अर्थशास्त्राचा विद्यार्थी दुसऱ्या महायुद्धात कैदी झाला. सुटून आल्यावर १९४५ साली त्याने युद्धकैद्यांच्या छावणीतल्या अर्थव्यवस्थेवर एक लेख लिहिला. रेड क्रॉसचं पार्सल सगळ्यांना जवळपास सारखंच यायचं: दूध, जॅम, लोणी, बिस्किटं, चॉकलेट, सिगारेटी. तरी लगेच बाजार उभा राहिला आणि सिगारेट हेच चलन झालं. सुरुवातीला एका बराकीतला भाव दुसऱ्या बराकीत कुणाला माहीत नसायचा. रॅडफर्ड एका पाद्र्याचा किस्सा सांगतो. तो चीजचा डबा आणि पाच सिगारेटी घेऊन छावणीभर हिंडला आणि परत आला तेव्हा डबा आणि सिगारेटी जागच्या जागी, वर एक अख्खं पार्सल! दुसऱ्या एकाला उर्दू येत होतं. तो शीख कैद्यांकडून मांसाचे डबे घ्यायचा आणि बदल्यात लोणी, जॅम द्यायचा. त्याची कमाई होती ती भाषेची. पुढे आणखी लोक या धंद्यात शिरले आणि भावातला फरक कमी झाला.

म्हणजे दोन ठिकाणचा भाव विचारणं हीसुद्धा ताकदच. ती मी बाजारात जाताना हॉस्टेलवरच ठेवून गेलो होतो.

त्या वाया गेलेल्या पाच पोत्यांच्या जागी परत तांदूळ आणायला मीच गेलो. रेक्टर सरांनी परत पाठवलं, हा त्यांचा मोठेपणा. या वेळी मावशींना बरोबर नेलं. तीन दुकानांत भाव विचारला, कधी पाहिजे ते कुणालाच सांगितलं नाही. ज्याने माझ्याशी अर्धा तास हुज्जत घातली, दोन रुपयांसाठी कपाळाला हात लावला, त्याच्याकडून घेतला. पोती उलटी करून तळातला दाणा बघितला, तिथेच वजन केलं, मग पैसे दिले. तांदूळ चांगला निघाला.

आता मेस कमिटीत नवीन पोरं येतील. त्यांच्यासाठी रजिस्टरच्या पहिल्या पानावर तीन दुकानांचे नंबर लिहून ठेवलेत. कॉन्ट्रॅक्टर जायच्या आधी वापरा, गेल्यावर नको. आणि महिनाअखेरीला बिल काढताना सकाळचे रकानेही एकदा बघत जा.

रूम पार्टनर आता दोन्ही वेळ जेवतो. भात मात्र अजून चिवडून बघतो, माझ्याकडे बघत.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)