‘फुटली’ म्हणायचं नाही

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, सकाळपासून फोनवर याद्या येत होत्या. ‘हे शब्द आठवतात का?’ आणि खाली घंगाळ, फडताळ, शिंकाळं, माजघर, फुंकणी. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून, म्हणजे ३ ऑक्टोबर २०२४ पासून, अशा याद्यांना ऊतच आलाय. पाठवणाऱ्यांची माया खरी आहे, पण शब्द असा सुटा हातात आला की त्याचा जीव गेलेला असतो. घंगाळाला बंब लागतो, पहाटेचा धूर लागतो आणि ‘पाणी निवतंय, ऊठ’ म्हणून दामटणारं माणूस लागतं.

माझ्या मनात घर करून बसलेला शब्द या याद्यांत कधीच येत नाही, कारण तो हरवलेला वाटतच नाही. तो म्हणजे ‘वाढवणं’.

मी सहा-सात वर्षांची असेन. आजोळी, साताऱ्याकडच्या गावात, हौदाच्या कडेला माझी काचेची बांगडी फुटली. मी ओरडत आत गेले, “आजी, बांगडी फुटली!” आजीनं भाकरीचा हात थांबवला. “फुटली न्हाई म्हनायचं, बाई. वाढवली म्हन.” ते मला म्हणायला लावलं आणि मगच ती पुन्हा काटवटीकडं वळली.

त्या घरात काही संपत नसे आणि काही फुटत नसे. डब्यातले तांदूळ संपले की ‘तांदूळ वाढले’. मंगळसूत्राचा दोरा तुटला की ‘मंगळसूत्र वाढवलं’. नारळ देवापुढं फोडायचा नाही, वाढवायचा. संध्याकाळी वाणी दुकान बंद करत नसे, वाढवत असे. दिवा विझत नसे, शांत होई. बाहेर पडणारं माणूस ‘जाते’ म्हणालं तर त्याला उंबऱ्यातच थांबवून ‘येते’ म्हणायला लावत. हिंदी मुलखातही दुकान ‘बढ़ाते हैं’, तेव्हा ही रीत एकट्या मराठीची नाही. पण मराठीत हेच क्रियापद जेवणाच्या पानाशीही बसलंय. पान वाढलं, भात वाढला, अजून वाढू का? भरणं आणि सरणं एकाच शब्दात! मला हे मराठीचं फार मोठं वैभव वाटतं, आणि शिलालेख-ताम्रपटांइतकंच ते जपण्यासारखं आहे.

घराघरांतली ही बोलण्याची शिस्त भीतीतून आली होती. साप म्हटलं की साप येतो, म्हणून रात्री ‘लांबडं’. अंगावर फोड उठले की रोगाचं नाव नाही, ‘देवी आल्या’. पाहुणी आल्यासारखं बोलायचं, म्हणजे ती न रागावता जाईल. देवीचा रोग देशातून १९७५ साली गेला, पण दंडावर टोचल्याचे वण असलेली माणसं आजही ‘देवी काढल्या’ असंच म्हणतात.

वस्तूंचे शब्द जातात त्याची कारणं सरळ आहेत. आजी तांदूळ चिपट्यानं मापायची. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, पुढच्या काही वर्षांत बाजारात किलो आला आणि ही सगळी उतरंड ढासळली. उरलं ते बोलण्यात. पायली डोळ्यांनी न पाहिलेला मुलगा ‘असे पायलीचे पन्नास मिळतात’ म्हणतो. आडावर कधी न गेलेले आपण ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ म्हणतो. कधी म्हणही अर्धीच उरते. ‘ये रे माझ्या मागल्या’ सगळ्यांना येतं, पण पुढचं ‘ताककण्या चांगल्या’ आता फार थोड्यांच्या तोंडी आहे. ताकातल्या ज्वारीच्या कण्या ताटातून गेल्या, त्यांच्यामागून म्हणीतूनही गेल्या.

हे टिपून ठेवणारी माणसं आपल्याकडं होती. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. मी तो अजूनही कादंबरीसारखा वाचते. शब्दापुढच्या कंसात प्रांताची खूण असते: व. म्हणजे वऱ्हाडी, गो. म्हणजे गोमंतकी. त्या एका अक्षरामुळं शब्दाला गाव मिळतं. आमच्या आत्या लग्न होऊन अमरावतीला गेल्या. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, “सराटा दे बरं.” आत्यांना काही उमगेना. सासूबाईंना हवं होतं उलथणं, ज्याला मुंबईकडं कालथा म्हणतात. आमचं पातेलं तिकडं गंज झालं, कोकणात टोप, मराठवाड्यात भगोणं. हाताची सवय तीच, पण नाव चुकलं की नवी सून परकी ठरायची. वर्षभरानं आत्या माहेरी आल्या आणि बोलता बोलता ‘सराटा’ म्हणून गेल्या, तेव्हा त्यांची आई गप्प झाली होती. लेक दुसऱ्या घरची झाली हे तिला त्या शब्दातून कळलं.

सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या सरोजिनी बाबरांनी बायकांच्या तोंडची गाणी, खेळ, उखाणे, म्हणी आयुष्यभर गोळा केल्या. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पानं जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर गावोगाव बोलींचं ध्वनिमुद्रण केलंय. अभिजातपणाचा निधी आला तर माझ्या मते पहिला वाटा अशा कामाला मिळावा. ताम्रपट आणखी दहा वर्षं थांबेल. ऐंशी वर्षांची बाई थांबणार नाही.

मात्र या शब्दांकडं नुसतं गोड म्हणून पाहू नये. ‘वाढवली’ म्हणायचं, कारण ‘फोडणं’ हा शब्द एका दिवसासाठी राखून ठेवलेला होता. नवरा गेला की बांगड्या फोडत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव करून ती चाल बंद केली: बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ती बातमी वाचली तेव्हा मी कितीतरी वेळ पेपर हातात धरून बसले होते.

आजोबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आजीला मागच्या दारी नेलं. आम्हा मुलांना माजघरात बसवलं होतं, तरी काचेचा आवाज आला. त्या दिवशी घरात कुणीही ‘वाढवल्या’ म्हणालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात हौदाशीच धाकट्या मामेबहिणीची बांगडी पिचकली. ती रडत आली, “आजी, फुटली.” आजी जोंधळे निवडत होती. सूप बाजूला ठेवून तिनं त्या पोरीचा हात आपल्या हातात घेतला आणि काच लागली नाही ना, ते पाहिलं. आजीच्या मनगटांत काही नव्हतं.

“फुटली न्हाई म्हनायचं, बाई,” ती म्हणाली. “वाढवली म्हन.”