तेल-बाष्पकाची निवड आणि संचालन : तंत्र व परिभाषा

कापडाची रंगाई, दुधाचे निर्जंतुकीकरण, कागदाची सुकवणी, औषधद्रव्यांचे ऊर्ध्वपातन इत्यादी प्रक्रियांना लागणारी उष्णता कारखान्यांत बहुधा वाफेच्या रूपाने पुरविली जाते. ही वाफ निर्माण करणाऱ्या यंत्रास मराठी लेखनात ‘बाष्पक’ व ‘बाष्पित्र’ असे दोन पर्याय आढळतात. कारखान्यात मात्र ‘बॉयलर’ हाच शब्द चालतो. शब्द कोणताही वापरला तरी त्यामागील वस्तू एकच असल्याने हा भेद किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु दाबाखाली पाणी उकळविणाऱ्या या पात्राच्या बाबतीत एखाद्या सूचनेचा अर्थ चुकल्यास त्याचे मोल माणसाच्या जिवाने द्यावे लागते. म्हणून तेलावर चालणाऱ्या बाष्पकाचे तंत्र आणि त्या तंत्राची मराठी यांचा विचार येथे एकत्रच करणे इष्ट होय.

वाफेचे महत्त्व तिच्या सुप्त उष्णतेत आहे. एक किलोग्रॅम पाणी ० अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे १०० किलोकॅलरी लागतात. पण १०० अंशांवरील त्याच पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० किलोकॅलरी खर्ची पडतात, आणि तेवढ्या काळात तापमान मुळीच वाढत नाही. ही दडलेली उष्णता वाफेचे पुन्हा पाणी होताना, तापमान स्थिर राहून, प्रक्रियेस परत मिळते. ‘सुप्त’ हे विशेषण या दृष्टीने अत्यंत समर्पक आहे. उलट, बोलभाषेत ‘उष्णता’ व ‘तापमान’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात, आणि निवडीतील पहिली चूक बहुधा याच ठिकाणी उद्भवते.

अधिक दाबाची वाफ अधिक तापलेली असते, म्हणून ती अधिक उष्णता देईल, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅम इतक्या मापकदाबास वाफेचे तापमान सुमारे १४३ अंश आणि सुप्त उष्णता दर किलोग्रॅमला सुमारे ५१० किलोकॅलरी असते. दाब १० पर्यंत वाढविल्यास तापमान सुमारे १८४ अंश होते. सुप्त उष्णता मात्र ४७८ च्या आसपास उतरते. अर्थात रंगाईच्या हौदातील द्रव ९० अंशांवर ठेवावयाचा असेल, तर तेथे उच्च दाबाची वाफ नेण्यात लाभ नाही. तथापि बाष्पकच अतिशय कमी दाबावर चालविणेही योग्य नव्हे. कारण त्यामुळे वाफेबरोबर पाण्याचे तुषार वाहून येतात. वाफ योग्य दाबावर निर्माण करावी, त्याच दाबाने नळांतून न्यावी आणि वापराच्या स्थानी दाब उतरवावा, हा या बाबतीतील रूढ व सयुक्तिक मार्ग होय.

क्षमतेचा आकडा वाचतानाही अशीच सावधगिरी आवश्यक असते. ‘तासाला ३ टन’ असे जेव्हा सूचिपत्रकात छापलेले असते, तेव्हा बहुधा १०० अंशांच्या पाण्यापासून १०० अंशांची वाफ हे प्रमाण गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात पाणी ६० अंशांवर आत येत असेल आणि वाफ १० किलोग्रॅम मापकदाबावर हवी असेल, तर दर किलोग्रॅम वाफेस ५४० ऐवजी सुमारे ६०४ किलोकॅलरी लागतात. त्यामुळे तेच बाष्पक तासाला सुमारे २,६८० किलोग्रॅमच वाफ देऊ शकते. मूळ इंग्रजी सूचिपत्रकातील लहानसा शर्तदर्शक वाक्यांश भाषांतरात गळला, की ग्राहकाच्या पदरी दहा टक्क्यांहून अधिक तूट येते.

बाष्पकाचे प्रकार मुख्यतः दोन. ज्यात नळ्यांतून तप्त वायू वाहतात व नळ्यांभोवती पाणी असते ते धूमनलिका-बाष्पक. आणि ज्यात नळ्यांतून पाणी वाहते व बाहेरून ज्वाला लागते ते जलनलिका-बाष्पक. नळीच्या पोटात काय आहे हे नावच सांगते, ही या दोन संज्ञांची जमेची बाजू होय. सामान्यतः तासाला १२ टनांपर्यंत आणि १८ किलोग्रॅम दाबापर्यंत धूमनलिका-बाष्पक सोयीचे पडते. त्याहून मोठ्या गरजेस जलनलिका-बाष्पकाचा विचार करावा लागतो. धूमनलिका-बाष्पकात पाण्याचा साठा मोठा असल्याने वाफेची मागणी एकाएकी वाढली तरी दाब लगेच कोसळत नाही. मात्र त्याच मोठ्या साठ्यामुळे, कवच फुटल्यास होणारा अनर्थही मोठा असतो. ज्या कारखान्यात रात्री मागणी निम्म्यावर येते तेथे एका मोठ्या बाष्पकापेक्षा दोन लहान बाष्पके बरी. कारण अल्प भारावर बर्नर वारंवार विझतो व पेटतो, आणि प्रत्येक पेटवणीपूर्वी भट्टीतून सोडलेली थंड हवा संचित उष्णता धुराड्यावाटे घेऊन जाते.

इंधनाची निवड केवळ दरावर ठरविता येत नाही. भट्टी-तेलाचे उष्णतामूल्य दर किलोग्रॅमला सुमारे १०,२०० ते १०,५०० किलोकॅलरी असते. बाष्पकाची कार्यक्षमता ८२ टक्के धरल्यास, वरील उदाहरणात एक किलोग्रॅम तेलापासून १४ किलोग्रॅमच्या आसपास वाफ मिळते. हे तेल स्वस्त, परंतु दाट व गंधकयुक्त असते; हलके डिझेल तेल महाग, परंतु हाताळण्यास सोपे. गंधकामुळे ज्वलनवायूंत आम्ल उत्पन्न होते, आणि धुराड्याकडील वायू फार थंड झाल्यास ते पत्र्यावर साचून त्याचा क्षय करते. शिवाय हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न आहेच. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश, हरियाणा व राजस्थान या राज्यांत भट्टी-तेलाच्या औद्योगिक वापरावर बंदी घातली. यास्तव संबंधित प्रदेशात कोणते इंधन अनुज्ञेय आहे, आणि नैसर्गिक वायू उपलब्ध आहे किंवा कसे, याची चौकशी यंत्र ठरविण्यापूर्वीच झाली पाहिजे.

संचालनात पहिले स्थान ज्वलनाचे. दाट तेलाचे बारीक तुषार होण्यासाठी ते बर्नरपर्यंत पोचण्यापूर्वी, बर्नरच्या प्रकारानुसार, साधारणतः ९० ते ११० अंशांपर्यंत तापवावे लागते. एक किलोग्रॅम तेलाच्या पूर्ण ज्वलनास तत्त्वतः सुमारे १४ किलोग्रॅम हवा पुरते; व्यवहारात तीवर १५ ते २० टक्के अधिक हवा द्यावी लागते. हवा कमी पडली तर काळा धूर निघतो, हे सर्वांस ठाऊक असते. पण धुराडे स्वच्छ दिसते म्हणून ज्वलन उत्तम आहे, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. कारण अतिरिक्त हवा दिल्यानेही धूर नाहीसा होतो आणि उष्णता मात्र वाया जाते. धुराड्यातील प्राणवायूचे प्रमाण मोजणे हाच खात्रीचा उपाय. तेलाच्या बाबतीत ते ३ टक्क्यांच्या जवळपास असावे.

धुराड्यातील वायूचे तापमान सुमारे २२ अंशांनी उतरविल्यास इंधनात एक टक्का बचत होते, आणि आत येणाऱ्या पाण्याचे तापमान सुमारे ६ अंशांनी वाढविल्यासही तितकीच. म्हणून निवलेल्या वाफेचे पाणी गटारात न घालविता बाष्पकाकडे परत आणणे फायद्याचे. काजळीचा ३ मिलिमीटर थर इंधनाचा खर्च सुमारे अडीच टक्क्यांनी वाढवितो. पाण्याच्या बाजूस बसणारे क्षारांचे कीटण त्याहून घातक. ते उष्णता अडविते, त्यामुळे नळीचा धातू बेसुमार तापतो आणि अखेर फुगतो वा फाटतो. हे टाळण्यासाठी पाणी मृदू करून घ्यावे लागते, आणि साचलेल्या क्षारांचे पाणी वेळोवेळी तळातून बाहेर काढावे लागते. या क्रियेस कारखान्यात ‘ब्लोडाऊन’ म्हणतात.

येथेच भाषेचा प्रश्न निकडीचा होतो. ‘पाणी सोडणे’ या मराठी प्रयोगाला परस्परविरुद्ध दोन दिशा आहेत. शेताला पाणी सोडले, म्हणजे ते आत आले. धरणातून पाणी सोडले, म्हणजे ते बाहेर गेले. दिशा ठरते ती विभक्तिप्रत्ययाने वा शब्दयोगी अव्ययाने; आणि घाईच्या तोंडी आज्ञेत नेमका तोच भाग गळतो. ‘बॉयलरचे पाणी सोड’ या वाक्याने फीड पंप चालू करावा की तळाचा व्हॉल्व्ह उघडावा, हे ऐकणाऱ्यास संदर्भावरूनच ताडावे लागते. त्याऐवजी ‘पाणी भर’ व ‘पाणी काढ’ ही क्रियापदे योजल्यास संदिग्धता समूळ नाहीशी होते.

याउलट जेथे मराठी इंग्रजीहून अधिक नेमकी आहे, तेथे तिचा उपयोग करून घेतला जात नाही. बर्नर ‘बंद केला’, ‘बंद झाला’ आणि ‘बंद पडला’ या तीन प्रयोगांत स्पष्ट अर्थभेद आहे : पहिल्यात कर्ता माणूस, दुसऱ्यात दाब पुरेसा झाल्यामुळे नियंत्रकाने केलेली नित्याची क्रिया, तिसऱ्यात बिघाड. पाळीच्या नोंदवहीत नुसते ‘बर्नर बंद’ असे लिहिले, तर पुढच्या पाळीस यांपैकी काहीच कळत नाही. बंद पडलेला बर्नर कारण न शोधता पुनःपुन्हा पेटविला, तर भट्टीत साचलेल्या न जळलेल्या तेलाच्या वाफेचा स्फोट होऊ शकतो. म्हणूनच पेटवणीपूर्वी भट्टीतून हवा खेळविणे अनिवार्य मानले जाते. एका क्रियापदाने ही धोक्याची खूण नोंदविता येत असता ते गाळणे शहाणपणाचे नव्हे.

तिसरा प्रश्न वाक्यरचनेचा. पाणी दर्शविणाऱ्या काचेत पाणी दिसेनासे झाले, तर प्रथम बर्नर बंद केला पाहिजे. अशा वेळी पाणी भरणे घातक. कारण उघड्या पडलेल्या, अतितप्त धातूवर पाणी पडताच वाफेचा दाब एकाएकी उसळू शकतो. ही सूचना ‘काचेत पाणी दिसत नसताना फीड पंप सुरू करून बाष्पकात पाणी भरण्याचा प्रयत्न करू नये’ अशी लिहिली, तर ती व्याकरणदृष्ट्या निर्दोष ठरते. परंतु मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. घाबरलेल्या वाचकाच्या दृष्टीस प्रथम पडते ते ‘पंप सुरू करून पाणी भरण्याचा प्रयत्न’. निषेध कळतो तो अगदी अखेरीस. इंग्रजी मूळ वाक्य बहुधा निषेधानेच सुरू होत असल्यामुळे तेथे ही अडचण येत नाही. मराठीत वाक्यच तोडले पाहिजे : ‘काच रिकामी. बर्नर बंद करा. पाणी भरू नका.’ कृती ज्या क्रमाने घडावयाची त्याच क्रमाने आज्ञा याव्यात, आणि प्रत्येक वाक्यात एकच क्रियापद असावे.

भारतात बाष्पकांच्या तपासणीचा इतिहास अपघातापासूनच सुरू होतो. १८६३ साली कलकत्ता येथे झालेल्या भीषण स्फोटानंतर १८६४ साली बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. पुढे १९२३ चा भारतीय बाष्पक अधिनियम आणि १९५० ची विनियमावली यांनी देशभर एकसूत्रता आणली; २०२५ साली नव्या अधिनियमाने १९२३ च्या कायद्याची जागा घेतली. या व्यवस्थेत पात्राच्या धातूची, जोडकामाची व सुरक्षा-व्हॉल्व्हची तपासणी होते, आणि बाष्पक सांभाळणाऱ्याच्या अंगी प्रमाणपत्राने सिद्ध झालेली पात्रता असावी लागते. भिंतीवरील सूचनाफलकाची भाषा तपासण्याचे काम मात्र कारखान्यानेच अंगावर घेतले पाहिजे, आणि भाषाभ्यासकांनी त्यास साहाय्य केले पाहिजे.

त्यासाठी मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. लिहिलेली सूचना रात्रपाळीच्या बॉयलर अटेंडंटला एकदा वाचून दाखवावी आणि ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. त्याने सांगितलेली कृती आणि अभिप्रेत कृती यांत जेथे अंतर पडेल, तेथे माणसास दोष न देता वाक्य दुरुस्त करावे. ‘बाष्पक’ की ‘बाष्पित्र’ हा वाद त्यानंतर सावकाश चालविता येईल.