दोघांची ट्रिप, पाऊच एकाचाच!

तुमच्या घरातलं किंवा शेजारचं एखादं जोडपं नुकतंच फॉरेनला जाऊन आलंय का? असेल तर त्यांचे फोटो एकदा नीट बघा. बुर्ज खलिफासमोर काका-काकू. पट्टायाच्या बोटीत काका-काकू. क्वालालंपूरच्या ट्विन टॉवर्ससमोर गॉगल लावलेले काका आणि शेजारी नवेकोरे स्पोर्ट्स शूज घातलेल्या काकू. आता फोटो जरा झूम करा. काकांच्या कमरेला एक काळा पाऊच दिसेल. दोघांचे पासपोर्ट, सगळे पैसे, परतीची तिकिटं, हॉटेलचं कार्ड, सगळं त्यात. आणि काकूंच्या पर्समध्ये? बीपीच्या गोळ्या, रुमाल, बडीशेप आणि चिवड्याचं पाकीट.

हसू आलं ना? पण एक कल्पना करा. सिंगापूरच्या मेट्रोत गर्दी आहे. काका आत शिरले, दार लागलं, काकू फलाटावर राहिल्या. काकूंकडे फोन आहे, पण रोमिंगचा पॅक फक्त काकांच्या नंबरवर मारलाय. पैसे नाहीत. पासपोर्ट नाही. हॉटेलचं नाव? ‘काहीतरी पार्क होतं नं बाई...’ परक्या देशात, परक्या भाषेत काकू त्या क्षणी अगदी एकट्या. ट्रिपचे पैसे दोघांचे भरलेत, पण ट्रिप खऱ्या अर्थाने एकाच्याच हातात आहे.

नागपूर-विदर्भातल्या कितीतरी आईबाबांची पहिली फॉरेन ट्रिप साठीच्या आसपास किंवा लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला होते. मुलांची फी, घराचे हप्ते उरकले की मगच. म्हणजे ही ट्रिप म्हणजे आयुष्यभराची हौस असते. त्यातला अर्धा माणूस फक्त ‘सोबत’ म्हणून जाऊन येत असेल, तर ते आपल्याला खटकायला हवं.

हे काही आजचं नाही. ब्रिटिश काळातले पासपोर्ट बघितले तर त्यात धारकाच्या माहितीशेजारी ‘पत्नी’ असा एक रकाना दिसतो. नवऱ्याच्या पासपोर्टावर बायको प्रवास करायची. तिची उंची, तिच्या डोळ्यांचा रंग, तिचा फोटो, सगळं त्याच्या पुस्तकात. आज प्रत्येकाचा पासपोर्ट वेगळा असतो. पण दोन्ही पासपोर्ट एकाच पाऊचमध्ये गेले की तो जुना रकाना पुन्हा उघडला म्हणायचा!

जोडप्याची परदेशवारी म्हटलं की मराठी घरात पहिलं नाव येतं ते पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचं. पुलं तेव्हा रेडिओत होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस टेलिव्हिजनचं शिक्षण घ्यायला ते बीबीसीत गेले आणि दोघांनी इंग्लंड-युरोप बघितलं. त्यातून १९६० साली ‘अपूर्वाई’ आलं. पुढे पूर्वेकडचे देश फिरून ‘पूर्वरंग’ आलं. तेव्हा ना स्वस्त विमानं होती, ना ईएमआयवर ट्रिप. परकीय चलन मिळवणं हेच मोठं काम. आज रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. त्या काळात असं काही कुणाच्या स्वप्नातही नसेल. त्यामुळे ज्यांना कधीच जाता येणार नव्हतं, अशा हजारो मराठी घरांनी पुलंच्या डोळ्यांनी लंडन, पॅरिस, बाली, जपान बघितलं. आजही ही पुस्तकं वाचून बघा, कुठल्याही ट्रॅव्हल व्लॉगपेक्षा भारी आहेत.

पण ही गोष्ट कोणाची आहे? पुलंची. प्रवास दोघांचा, पुस्तक एकाचं. सुनीताबाई काही गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. १९४२च्या चळवळीत उतरलेली ही मुलगी. १२ जून १९४६ ला दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. पुलंचे हिशेब, करार, व्यवहार त्या सांभाळायच्या, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं. तरी या सहजीवनाची त्यांची बाजू पुस्तकातून पुढे आली ती १९९० साली, ‘आहे मनोहर तरी’मधून. म्हणजे ‘अपूर्वाई’नंतर ३० वर्षांनी. लोक दचकले. कुणाला फार आवडलं, कुणाला फार टोचलं. आपल्या लाडक्या माणसाची गोष्ट दुसऱ्या बाजूनेही सांगता येते, हेच अनेकांना नवीन होतं. एवढी समर्थ लेखणी घरात होती. तिने तोच लंडन, तोच बाली कसा बघितला, हे एका आख्ख्या प्रवासवर्णनात वाचायला मिळालं असतं तर? नुकसान आपलं झालं, वाचकांचं.

बायका प्रवासाचं लिहीत नव्हत्या, असं मात्र समजू नका. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवरचं पुस्तक १८८९ साली लिहिलं, आणि त्यात तिथली शाळा, सरकार, बायकांची स्थिती असं सगळं आहे. आपल्या नागपूरचंच सांगायचं तर चिटणवीस घराणं तुम्हाला सिव्हिल लाइन्समधल्या चिटणवीस सेंटरमुळे नक्की ठाऊक असेल. त्याच आडनावाच्या पार्वतीबाई चिटणवीस यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी पुस्तक लिहिलं, ‘आमचा जगाचा प्रवास’. नावातला ‘आमचा’ बघा. प्रवास सगळ्यांचा, पण सांगणारी बाई. आणि अलीकडच्या काळात मीना प्रभूंनी तर ‘माझं लंडन’पासून ‘तुर्कनामा’, ‘इजिप्तायन’पर्यंत देशांमागून देश फिरून लिहिलं. ज्याच्या हातात नकाशा आणि लेखणी, ट्रिप त्याची. एवढं साधं आहे हे.

आता तुमचा रोल. कारण आईबाबांचे फॉर्म भरतो कोण? आपणच! पासपोर्टची अपॉइंटमेंट, व्हिसाचा फॉर्म, विमानाचं वेब चेक-इन, सगळं आपल्या लॅपटॉपवर होतं. तिथूनच हे बदलता येतं.

पहिलं, आईचं नाव. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, पॅनकार्डवर तिसरंच, ही घरोघरची कथा. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, असा पासपोर्टचा नियम नाही. कोणतं नाव ठेवायचं हे आईला विचारा, आणि कागद ट्रिपच्या आधी सहा महिने जुळवायला घ्या. तिकीट पासपोर्टावरच्या नावानेच काढा. आई दहावी पास नसेल आणि पासपोर्टावर ‘ईसीआर’ असेल तरी घाबरू नका. ती अट काही ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांसाठी आहे, फिरायला जाणाऱ्यांसाठी नाही. नेपाळला विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. १५ ते ६५ वयाच्या माणसाचं तिथे आधारवर भागत नाही.

दुसरं, दोन पाऊच. ज्याचा पासपोर्ट त्याच्याकडे. पैसे निम्मे-निम्मे, फॉरेक्स कार्ड दोघांचं वेगळं. रोमिंग दोन्ही फोनवर. हॉटेलचं नाव-पत्ता आणि टूर मॅनेजरचा नंबर कागदावर लिहून दोघांच्या खिशात, कारण मोबाइलची बॅटरी नको तेव्हाच संपते. पासपोर्टच्या झेरॉक्स आणि दोन-दोन फोटो दोघांकडे. परदेशात पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार आणि मग भारतीय दूतावास, हे आईलाही माहीत हवं. दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. ते फक्त भारतात परत येण्यापुरतं चालतं, पण त्याने माणूस घरी पोहोचतो.

तिसरं, प्रॅक्टिस. निघायच्या आधीच्या रविवारी आईला एकटीला मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला पाठवा. मॅप तिनेच लावायचा, लाइन तिनेच बदलायची, परत तिनेच यायचं. बाबांनी घरी पोळ्या करून बघाव्यात! नागपुरात जमलं की बँकॉकच्या स्कायट्रेनची भीती अर्धी होते.

चौथं, प्लॅन. ‘तुला काय बघायचंय?’ हा प्रश्न आईला बहुतेक कुणी विचारतच नाही. विचारला तर ती आधी म्हणेल, ‘तुम्ही ठरवाल ते.’ तिथे थांबू नका, पुन्हा विचारा. तिला कदाचित मॉल नकोच असेल. तिला तिथली भाजीबाजाराची गल्ली बघायची असेल, देऊळ बघायचं असेल, नुसतं समुद्राकाठी अर्धा तास बसायचं असेल. फॉरेनला गेल्यावर कुणाच्याही जेवणाची, चहाची काळजी न करता ती बसू शकली, तर ती खरी सुट्टी.

तुमची स्वतःची ट्रिप अजून लांब आहे, हे माहितीये. पण मित्रमैत्रिणींसोबत पचमढीला किंवा चिखलदऱ्याला जाताना बघा, बुकिंग कोण करतं, हिशेब कोण ठेवतं, फोटो कोण काढतं आणि फोटोत कोण असतं. हीच सवय उद्या तुमच्या हनिमूनच्या विमानात सोबत बसणार आहे. ती आत्ताच ठीक करून घेतलेली बरी.

आणि हो, घरातलं कुणी परत येईल तेव्हा ‘बाबा, कशी झाली ट्रिप?’ हा प्रश्न सगळे विचारतीलच. तुम्ही किचनमध्ये जा. बॅगेतले कपडे धुवायला काढणाऱ्या आईला हात धरून बसवा, मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि म्हणा, आता तू सांग.